पदार्थ म्हणजे भास, असं आईनस्टाईन म्हणाले नव्हते

नागपुरातल्या सोसायटी आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं: आईनस्टाईनने सिद्ध केलं की पदार्थ नसतोच, सगळी ऊर्जाच आहे, अणू जवळपास पूर्ण रिकामा असतो, कुठल्याही वस्तूतली ऊर्जा मोकळी करता येते, विचारही ऊर्जाच, म्हणून चांगल्या विचारांनी आजार पळतो. हे वाचून कुणी चालू औषधं बंद करू शकतं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

"पदार्थ नसतोच." सप्टेंबर १९०५ मध्ये पाठवलेल्या तीन पानी लेखात आईनस्टाईनने मांडलं ते एवढंच: वस्तूने प्रकाशरूपात ऊर्जा बाहेर टाकली, तर त्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून जे येईल तेवढं तिचं वस्तुमान घटतं. वस्तुमान घटतं, वस्तू गायब होत नाही.

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचंच घ्या. तिथला ६६० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर सुमारे १ कोटी ५८ लाख युनिट वीज बाहेर पडते. सूत्रात घालून बघा, या विजेचं वस्तुमान भरतं ०.६३ ग्रॅम. आता भट्टीत काय झालं ते पाहा. कोळशातला कार्बनचा एकही अणू संपलेला नाही. सगळे राखेत नाहीतर धुरात आहेत, हवेतल्या ऑक्सिजनशी नव्याने बांधले गेलेले. तरीही ती राख आणि तो धूर थंड करून तोलता आला, तर मूळ कोळसा आणि ऑक्सिजनपेक्षा किंचित हलका भरेल. अणू तितकेच, वस्तुमान कमी. ऊर्जा ही वेगासारखी कशाची तरी असते. कुणाचीच नसलेली, नुसती ऊर्जा कुठेही सापडत नाही.

"अणू रिकामा." नाही. इलेक्ट्रॉनचा ढग ती जागा व्यापून असतो, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. म्हणून तर खुर्ची तुम्हाला पेलते. या मेसेजमध्ये खऱ्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट येऊ शकली असती, ती आलीच नाही: प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांच्या, म्हणजे तो ज्या कणांचा बनलेला असतो त्यांच्या, स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. बाकीचं त्यांच्या हालचालीच्या आणि त्यांना बांधणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येतं. केवढी सुंदर गोष्ट आहे ही! पण म्हणून प्रोटॉन भास ठरत नाही.

"कुठल्याही वस्तूतून ऊर्जा काढा." एक ग्रॅम पूर्णपणे बदलता आला तर अडीच कोटी युनिट निघतील, हा हिशोब बरोबर आहे. पण संत्र्याच्या सालीतून ती काढायची कशी? अणुकेंद्रातल्या प्रक्रियांमध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या तेवढीच राहते. म्हणूनच युरेनियमच्या विखंडनात, म्हणजे त्याचं केंद्र फुटताना, साधारण हजारावा भाग आणि सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना ०.७ टक्के, एवढंच वस्तुमान ऊर्जेच्या खात्यात जातं.

पदार्थ खरोखर नाहीसा होतो तो पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे कॅन्सरची गाठ शोधायच्या तपासणीत. पेशंटला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा कण, निघतो, जेमतेम मिलिमीटरभर सरकतो, शरीरातलाच एखादा इलेक्ट्रॉन त्याला भेटतो आणि दोघंही संपतात. उरतात दोन गॅमा फोटॉन, म्हणजे गॅमा किरणांचे कण, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, विरुद्ध दिशांना धावणारे. हे फोटॉन टिपूनच गाठ दिसते. इथेसुद्धा मागे उरतात ते कणच.

"विचार म्हणजे ऊर्जा." मेंदू साधारण २० वॉट खर्च करतो, तेही जेवणातल्या ग्लुकोजमधून. मनात आशा असो की भीती, त्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. मन प्रसन्न असावं, पेशंटला त्याचा आधार वाटतो, हे मला मनापासून मान्य आहे. पण गाठीला ऊर्जा द्यायची तर ती रेडिएशनच्या मशीनमधून, ग्रे या एककात मोजून, नेमक्या जागी द्यावी लागते. तिथे ती पेशीतला डीएनए तोडते. घरात कुणाचं हे उपचार चालू असतील, तर हा मेसेज वाचून त्यांची एकही तारीख चुकवू देऊ नका.