तापात एरंडेल पाजू नका

गेले काही दिवस घरोघरच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: ताप-खोकल्याच्या साथीत जुलाब लागले तर आनंद माना, छातीतला विषाणू पोटावाटे बाहेर पडतोय. जुलाब थांबवू नका, उलट दोन चमचे एरंडेल द्या. पाणी आणि ओआरएस टाळा, त्यानं जुलाब वाढतात. जुलाब आहेत म्हणजे हा फ्लूही नाही आणि करोनाही नाही, ‘पोटाचा फ्लू’ आहे, टेस्टच्या भानगडीत पडू नका. पाच दिवस अँटिबायोटिक घ्या. दूध बंद, मऊ भातावर राहा. खाली ‘पुण्यातील नामवंत डॉक्टर’ एवढाच हवाला, नाव नाही.

माझं औषधांचं दुकान आहे. असे संदेश मोबाइलवर उघडून काउंटरवर दाखवणारे लोक मला रोज भेटतात आणि मी रोज समजावते. पण हा संदेश कर्वेनगरला एकट्या राहणाऱ्या माझ्या सत्तरीच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिनं तो ओळीनं पाळला. मी पोचले तेव्हा एरंडेलची बाटली ओट्यावर उघडीच होती. जीभ टाळूला चिकटत होती, बोलताना शब्द तुटत होते, पलंगावरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी. सकाळपासून लघवीला झाली नव्हती. “अगं आत्या, पाणी तरी पी!” म्हटलं तर म्हणाली, “पाण्यानं वाढतात गं, त्यात लिहिलंय तसं.” आणि एवढं होऊनही ब्लडप्रेशरची गोळी नेमानं चालू होती. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असतं. जुलाब, एरंडेल आणि ती गोळी, तिन्हींनी शरीरातलं पाणी काढलं होतं आणि भरपाई शून्य. तिला सलाइन लावावं लागलं. आता ती बरी आहे, पण माझा राग गेलेला नाही.

आधी खरं काय तेवढं मान्य करते. श्वसनाच्या विषाणूजन्य आजारात पोट बिघडतं, हे खरं आहे. करोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या ज्या प्रथिनाला चिकटतो, ते फुफ्फुसात असतं तसंच लहान आतड्याच्या अस्तरातही असतं, आणि तिथे भरपूर असतं. विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात हेही खरं. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) शास्त्रज्ञांनी सांडपाणी तपासून करोनाचा माग काढला तो त्याच आधारावर. लहान मुलं खोकल्याचा कफ गिळतात आणि खोकताखोकता उलटी करतात, तेही आपण घरात बघतो.

पण ‘बाहेर पडतोय’ म्हणजे ‘संपतोय’ हा अर्थ कुठून आला? हाँगकाँगच्या संशोधकांनी २०२० साली ‘गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’ या नियतकालिकात ६० अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. एकूण ४,२४३ करोना रुग्ण. त्यातल्या १७.६ टक्के रुग्णांना पोटाच्या तक्रारी होत्या. विष्ठेत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, मात्र ४८.१ टक्के रुग्णांत सापडला. नाका-घशातून विषाणू गेल्यानंतर घेतलेल्या विष्ठेच्या नमुन्यांपैकी ७०.३ टक्के नमुन्यांत तो तेव्हाही होता. पोटाच्या तक्रारी असणारे कितीतरी कमी आणि विष्ठेत आरएनए सापडलेले कितीतरी जास्त, म्हणजे तो बाहेर पडायला जुलाब लागतातच असं नाही. आणि घसा साफ झाल्यावरही तो विष्ठेत दिसत राहतो, म्हणजे ही छातीची घाण खाली ढकलली जाणं नव्हे. विषाणू आतड्याच्या पेशींत शिरून वाढू शकतो, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींवर दिसलेलं आहे. जुलाब हे तिथल्या बिघाडाचं लक्षण आहे, सफाई नाही.

आता एरंडेल. ते पोटात गेलं की त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटतं आणि आतड्याला जोरात आकुंचन पावायला लावतं. एवढंच त्याचं काम. पेशींच्या आत बसलेल्या विषाणूला त्यानं धक्काही लागत नाही, आणि फुफ्फुसातून थेट आतड्यात जाणारी कुठलीही नळी आपल्या शरीरात नाही. जातं ते पाणी, सोडियम आणि पोटॅशियम. तापात घामावाटे आधीच पाणी गेलेलं, खोकल्यानं खाणंपिणं तुटलेलं, त्यात हे. वय झालेलं माणूस, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रुग्ण आणि तान्हं मूल यांच्या बाबतीत ही जिवाशी गाठ आहे. आजीच्या काळी महिन्यातून एकदा एरंडेल द्यायचे, हे मला माहीत आहे. ते धडधाकट पोराला द्यायचे. जुलाब लागलेल्या आजारी माणसाला आजीनंही दिलं नसतं.

आणि हा संदेश पुण्यात फिरावा याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या आजाराचे, रुग्ण निघाले, ते इतक्यात विसरलो? अनेकांना आधी जुलाब झाले होते, मग पायांतली ताकद गेली, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो ताप-खोकल्याच्या साथीचा भाग नव्हता, पण घरी बसून कुठले जुलाब कशाचे हे कोण ओळखणार? या शहरात जुलाबांना ‘चांगलं लक्षण’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

पाणी आणि ओआरएस टाळा म्हणणाऱ्यांनी १९७१ सालचं पश्चिम बंगालमधलं बनगाव आठवावं. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. कारण साधं आहे: आतडं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषून घेतं आणि त्यांच्यामागे पाणी आत येतं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतेक वेळा शाबूत असते. ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं ते वाढले. त्याचं काम माणूस कोरडा पडू न देणं हे आहे.

काउंटरवर दिसणाऱ्या दोन चुकाही सांगते. एक लिटरची पुडी एका ग्लासात ढवळतात. तसं करू नका, पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, कमी नाही आणि जास्तही नाही. दुसरं, फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस समजून नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ‘ओआरएस’ हे नाव वापरायला एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली ती याचसाठी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्यानं.

‘जुलाब म्हणजे फ्लू नाही’ हा मुद्दाही खोटा आहे. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या. त्या साथीत उलट्या-जुलाब नेहमीच्या फ्लूपेक्षा जास्त दिसले होते, मुलांत तर विशेष. तेव्हा जुलाब आहेत म्हणून मास्क काढून नातवंडांत जाऊन बसू नका, आणि डॉक्टरांनी टेस्ट सांगितली तर करा.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात: विषाणूवर ते चालत नाही, आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सनी जुलाब लागतात. चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार नाही.

मऊ भाताचा सल्ला ठीक आहे. दूधही काहींना चार दिवस सोसत नाही, तेवढं मान्य. पण ताक, वरण-भात, केळं, मुगाची खिचडी यांपैकी जे जाईल ते खाऊ द्या. उपाशी ठेवू नका, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात तोडू नका.

घरात कुणी लघवी वाढवणारी, ब्लडप्रेशरची किंवा मधुमेहाची गोळी घेत असेल आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली थांबवायची ते विचारा. आपल्या मनानं बंद करू नका. शौचातून रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, धाप, पायांत मुंग्या किंवा जिना चढताना पाय न उचलणं, यातलं काहीही दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.