टायर मोठा केला की रेशो बदललाच: पिकअपवाल्यांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. थोडक्यात तो असा: "पिकअपला, कॅम्परला, थारला मोठे टायर बिनधास्त टाका. क्राऊन-पिनियन बदलायची काही गरज नाही. टायर मोठा म्हणजे इंजिन कमी फिरतं, डिझेल वाचतं. घाटात जड वाटलं तर एक गिअर खाली घ्या. क्राऊन-पिनियन बदलला तर टॉप स्पीड मरतो. तरी बदलायचाच असेल तर फोर बाय फोरला फक्त मागचा बदला. कोणताही मिस्त्री अर्ध्या दिवसात बसवून देतो."

क्राऊन-पिनियन म्हणजे धुऱ्यातल्या डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, जी इंजिनची फिरकी चाकांकडे वळवते. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण सातपुड्याच्या पायथ्याशी राहून केळी, मिरची, कापसाचा लोड घेऊन घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाने हे खरं मानलं तर आधी क्लच जाईल, मग डिफरन्शियल, आणि एखाद्या उतारावर जीवही जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"क्राऊन-पिनियन बदलायची गरज नाही"

मूळ गफलत इथेच आहे. मागचं हाउसिंग (क्राऊन-पिनियनचं लोखंडी घर) उघडलं नाही म्हणजे रेशो कंपनीचाच राहिला, असं मेसेज धरून चालतो. क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10 असतील तर रेशो 4.10. जॉइंट शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून धुऱ्याकडे जाणाऱ्या दांड्याचे, 4.10 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. पण त्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते, हे टायरच्या व्यासावर ठरतं. व्यास वाढला की अंतर वाढतं, आणि त्याच प्रमाणात ओढायची ताकद कमी होते. यातून पळवाट नाही.

हिशोब कागदावर करून बघा. 15 इंची रिमवरचा 215/75 टायर घ्या. बाजूची उंची 215 च्या 75 टक्के, म्हणजे 161 मिलिमीटर. ती खालून-वरून दोनदा, अधिक रिमचे 381. व्यास झाला साधारण 703 मिलिमीटर. त्याच रिमवर आपल्याकडची पोरं 31 इंची टाकतात, त्याचा व्यास 787. फरक जवळजवळ 12 टक्के. म्हणजे तुम्ही पान्हाही लावला नाही, तरी तुमची 4.10 ची गाडी आता 3.66 च्या गाडीसारखी वागणार. कंपनीची ओढ परत हवी असेल तर 4.10 ला त्याच प्रमाणात वाढवावं लागतं. उत्तर येतं 4.59, आणि त्याच्या जवळचा सेट म्हणजे 41 ला 9, रेशो 4.56.

मेसेजमधली एक बाजू मात्र मान्य करतो. 215/75 च्या जागी 235/75 टाकला तर व्यास 733 होतो, फरक 4 टक्क्यांचा. एवढ्यासाठी हाउसिंग उघडू नका, पैसे वाया जातील. फरक 10 टक्क्यांकडे गेला आणि गाडी लोडची किंवा घाटाची असेल, तर मात्र विषय टाळता येत नाही.

"इंजिन कमी फिरतं, डिझेल वाचतं"

पहिलं अर्ध वाक्य खरं आहे. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. 703 मिलिमीटरचं चाक त्यासाठी मिनिटाला सुमारे 452 फेरे घेतं. रेशो 4.10 असताना डायरेक्ट गिअरमध्ये (ज्यात शाफ्ट इंजिनइतकाच फिरतो) इंजिन 1855 आरपीएमच्या आसपास असतं. 787 च्या टायरवर तेच 1660 वर येतं. त्यापुढचा 0.80 चा ओव्हरड्राइव्ह गिअर (ज्यात इंजिन शाफ्टपेक्षा कमी फिरतं) टाकला तर आधी 1484 होते, आता 1327.

पण इंजिन कमी फिरलं म्हणजे डिझेल वाचलंच, असं नसतं. टर्बो डिझेलला जोर यायला ठरावीक फेरे लागतात. त्याच्या खाली लोड ओढायला लावलं की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला जातो, इंजिन गुरगुरतं, धूर टाकतं, आणि शेवटी ड्रायव्हर खालचाच गिअर घेतो. म्हणजे टॉप गिअर असून नसल्यासारखा. त्यात मोठा टायर वजनाने जड, रुंदीने जास्त, गाडीही जमिनीपासून वर उचललेली. म्हणून हवेचा अडथळा वाढलेला. रिकामी गाडी, सपाट हायवे आणि एकसारखा वेग असेल तर थोडा फायदा दिसू शकेल. सावद्याहून केळी भरून निघालेल्या गाडीला तो दिसणार नाही.

शिवाय मायलेज मोजताय कशावर? ज्या गाड्यांचा मीटर गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून चालतो, त्यांना टायर मोठा झाल्याचं कळतच नाही. मीटरवर 500 किलोमीटर दिसले तर गाडी प्रत्यक्षात 559 धावलेली असते. काटा 60 दाखवतो तेव्हा वेग 67 असतो. 10,000 ला ऑइल बदलणारा माणूस खरं तर 11,190 ला बदलतो. मीटर दुरुस्त केल्याशिवाय सांगितलेलं मायलेज, वाढलेलं असो की घटलेलं, धरू नका. अशा गाडीत बरोबर रेशोचा क्राऊन-पिनियन बसला की मीटरही जवळपास जागेवर येतो. चाकावरच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या नव्या गाड्यांत तो येत नाही, तिथे कॅलिब्रेशन वेगळं करून घ्यावं लागतं.

"घाटात एक गिअर खाली घ्या"

मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात येता येतं. पहिल्याच्या खाली कुठे येणार? तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात वळणावरच समोरून एसटी आली, तुम्ही लोड घेऊन चढावर थांबलात, की पुन्हा निघायचं पहिल्याच गिअरवर. तो पहिला गिअर आता 12 टक्क्यांनी 'लांब' झालाय. गाडी हलेपर्यंत हाफ क्लचवर धरावी लागते, आणि क्लचप्लेट जळल्याचा तो वास केबिनमध्ये येतो. रिव्हर्सचंही तेच. वळणावर दोन फूट मागे घ्यायची तर पुन्हा हाफ क्लच. आपल्याकडचे ड्रायव्हर सरळ सांगतात, "टायर मोठा टाका, पन घाटमा गाडी दमच सोडी देस." त्यांनी कागदावर हिशोब केलेला नसतो, पण निदान अगदी बरोबर असतं.

चढ निदान थांबवतो तरी. खरी भीती उताराची आहे, आणि मेसेजमध्ये उताराचा शब्दही नाही. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच आहे. तिथून शहाद्याकडे उतरताना, किंवा कन्नड घाटातून चाळीसगावकडे येताना, शहाणा ड्रायव्हर गाडी गिअरवर सोडतो आणि ब्रेक राखून ठेवतो. इंजिनची ही धरून ठेवायची ताकदही त्याच रेशोतून चाकापर्यंत जाते. टायर 12 टक्के मोठा झाला की त्याच गिअरमध्ये, इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांना, गाडी 12 टक्के जास्त वेगाने खाली येते आणि ही धरून ठेवायची ताकद 11 टक्क्यांनी कमी होते. उरलेलं सगळं काम ब्रेकवर पडतं.

आणि ब्रेक? तेही त्याच 11 टक्क्यांनी कमजोर झालेले असतात. ड्रम-डिस्क तेच, पेडलवरचा जोर तोच, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीवर लागणारी रोखण्याची ताकद घटते. क्राऊन-पिनियन बदलून इंजिनची धरून ठेवायची ताकद परत मिळते, ब्रेकची नाही. हे क्राऊन-पिनियन विकणाऱ्यांनीही गिऱ्हाइकाला सांगायला हवं, ते सांगत नाहीत. लांब उतारावर ब्रेक तापून पेडल हलकं पडायला लागलं की मग हातात फारसं काही राहत नाही.

"टॉप स्पीड मरतो"

मोठ्या टायरबरोबर 4.56 टाकला तर 60 च्या वेगाला इंजिन 1843 वर येतं. कंपनीच्या टायरवर ते 1855 होतं. मेलं काय? जे होतं तेच परत आलं. टायर मूळचाच ठेवून कुणी 4.56 बसवला तर हायवेला गाडी ओरडणारच, पण तो वेगळा विषय.

"फोर बाय फोरला मागचाच बदला"

हे कधीही करू नका. कॅम्पर, थारसारख्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये (लागेल तेव्हाच चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत) लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का बांधते. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. पुढे 4.10 आणि मागे 4.56 असेल तर पुढचं चाक एक किलोमीटरचे फेरे घेईल तेवढ्या वेळात मागचं 900 मीटरचेच घेईल. दर किलोमीटरला 100 मीटरचा हा झगडा टायर घसरून सुटला पाहिजे. ओल्या काळ्या मातीत तो काही काळ सुटेलही. डांबरावर किंवा खडकावर सुटणार नाही. तिथे शाफ्टचा क्रॉस (सांधा) तुटेल, नाहीतर ट्रान्सफर केसची चेन किंवा दात जातील. "पुढचं कोण वापरतं" म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात शेतरस्त्यावर रुतलेली गाडी आठवावी. लिव्हर टाकायची वेळ येते ती तेव्हाच.

"अर्ध्या दिवसात बसतो"

बसतो, टिकत नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच जुळवलेले असतात, दोघांवर जोडीचा नंबर असतो. भंगारातून एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन आणून बसवलेला सेट थोड्याच दिवसांत हुंकारायला लागतो.

चांगला मिस्त्री हे काम कसं करतो ते उभं राहून बघण्यासारखं आहे. पिनियनच्या मागे योग्य जाडीचा शिम (पातळ चकती) घालून त्याची खोली ठरवायची. पिनियनच्या बेअरिंगला ठरलेला ताण द्यायचा, ना सैल ना आवळ. मग क्राऊन डावी-उजवीकडे सरकवून दातांमधला प्ले (मोकळी फट) डायल गेजने मोजायचा. तो मिलिमीटरच्या दशांशात असतो, नेमका आकडा त्या अ‍ॅक्सलच्या पुस्तकात दिलेला असतो. एकाच जागी मोजून चालत नाही, क्राऊन फिरवत तीन-चार जागी तो सारखा यावा लागतो. शेवटी दातांना मार्किंगचा रंग लावायचा. जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून ब्रशने लावतात. क्राऊन थोडा अडवून दोन्ही दिशांनी फिरवला की रंग पुसून दातावर ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाकडे, मुळाकडे किंवा कडेला गेला असेल तर सगळं परत खोलून शिम बदलायचा. हे दोनदा-तीनदा होतं, आणि यात मिस्त्रीचा काही दोष नसतो. हा ठसा बघितल्याशिवाय हाउसिंगचं झाकण लावू देऊ नका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बेअरिंग आणि सील त्याच वेळी नवे टाका. तेल जीएल-5 दर्जाचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. नंतर 25-30 किलोमीटर सावकाश चालवून डिफरन्शियल पूर्ण गार होऊ द्यायचं, असं काही वेळा करायचं. पहिले 800 किलोमीटर जड लोड नाही आणि त्यानंतर तेल बदलायचं. ज्याची गाडी दुसऱ्याच दिवशी भरून सुरतला जाणार आहे त्याने हे काम सीझनमध्ये काढूच नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेशो वाढवायला पिनियनचे दात कमी करावे लागतात, म्हणजे पिनियन लहान आणि थोडा नाजूक होतो. काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे गेलं की क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो तो केजही बदलावा लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: भाड्याच्या, लोडच्या पिकअपने कंपनीचाच टायर ठेवावा. क्राऊन-पिनियनचा खर्च त्याने करावा ज्याला रानातल्या, खडकाळ वाटांसाठी उंच टायर खरोखर लागतो.

कायद्याची बाजूही मेसेजमध्ये नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचा आकारही लिहिलेला असतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी तेच बघेल.

पैसे मोजण्याआधी स्वतःच्या गाडीचा रेशो स्वतः तपासा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, गाडी न्यूट्रलला टाका आणि हँडब्रेक सोडा. जॉइंट शाफ्टवर आणि चाकावर खडूने खूण करा. दोघांनी मिळून दोन्ही मागची चाकं एकदमच, सारखी फिरवायची. एकच फिरवलं आणि दुसरं थांबून राहिलं तर शाफ्टचे फेरे निम्मेच दिसतील. चाकाच्या 10 फेऱ्यांना शाफ्टचे 41 झाले तर 4.10, साडेपंचेचाळीसच्या जरा पुढे गेले तर 4.56.