दाराला कुलूप बाहेरून होतं का?

इंग्लंडमध्ये पोलीस एखाद्या घरातली गांजाची लागवड पकडतात. खिडक्यांना काळं प्लास्टिक, मीटर टाळून ओढलेली वीज, कोपऱ्यात एक गादी आणि तिथे झोपणारा व्हिएतनामी पोरगा. घराचं भाडं कोण भरतं हेही त्याला ठाऊक नसतं, पण बेड्या त्यालाच पडतात.

तस्करांनी आणून असं राबवलेल्यांसाठी तिथल्या २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टमध्ये (आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात) कलम ४५ आहे. सज्ञान आरोपीचा बचाव असा: मला हे करायला भाग पाडलं, ती सक्ती गुलामगिरीतून किंवा पिळवणुकीतून आली, आणि माझ्या जागी माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या आजार-अपंगत्वाच्या समंजस माणसापुढेही दुसरी वाट नव्हती. १८ वर्षांखालच्या मुलाला सक्ती दाखवावी लागत नाही. शोषणाचा थेट परिणाम म्हणून कृत्य घडलं आणि त्याच्यासारख्या समंजस मुलानेही तेच केलं असतं, एवढं पुरे. म्हणून गुन्ह्याच्या दिवशीचं वय आधी पक्कं करा. "एकोणीस सांग" असं पढवलेलं पोर एकोणीसच सांगतं, आणि वकिलाने तेच उतरवून घेतलं तर सोपी कसोटी हातची जाते.

आरोपीने पुराव्यातून मुद्दा उभा करायचा असतो. तो संशयापलीकडे खोडून काढायचं काम सरकारी पक्षाचं. तरीही बचाव बुडतो, आणि बहुतेकदा तो घाईच्या कबुलीने बुडतो. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला की शिक्षेत एक तृतीयांश सूट मिळते. घाबरलेल्या, भाषा न येणाऱ्या पोराला हा सल्ला देणं मला अक्षम्य वाटतं. २००९ मध्ये पकडलेल्या दोन व्हिएतनामी मुलांनी असाच गुन्हा कबूल केला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरलं आणि प्रत्येकाला २५,००० युरो द्यायला लावले. तेव्हा मुलं मोठी झाली होती.

दुसरी अडचण कागदाची. पीडित म्हणून ओळख पटवणाऱ्या नॅशनल रेफरल मेकॅनिझमकडे वकिलाला थेट जाता येत नाही. नाव पोलीस, कौन्सिल (स्थानिक पालिका) किंवा साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेसारख्या नेमलेल्या संस्थेनेच पाठवायचं, सज्ञान असेल तर त्याच्या संमतीने. तिथून "हा पीडित आहे" असा अंतिम निर्णय आला तरी ज्युरीपुढे तो पुरावा म्हणून ठेवता येत नाही, असं कोर्ट ऑफ अपीलने २०२१ मध्ये ठरवलं. त्यामुळे मूळ पुरावाच गोळा करावा लागतो. किल्ली कुणाकडे होती? कुलूप बाहेरून होतं का? जेवण कोण आणून द्यायचं? फोनमध्ये कर्जाचे, धमकीचे मेसेज आहेत का? हे पहिल्याच भेटीत, तस्करांशी संबंध नसलेला दुभाषी घेऊन विचारा. फोन जप्त झाला असेल तर त्यातला डेटा लेखी मागा.

शिवाय खून, दरोडा, अपहरण असे शंभरावर गुन्हे याच कायद्याच्या परिशिष्ट ४ ने या बचावातून वगळलेत. तिथे खटला चालवणं जनहिताचं नाही, हे सरकारी वकिलांना पटवण्यावरच भिस्त.

आणि आपल्याकडे? मानवी तस्करीविरुद्धचा पालेर्मो करार भारताने २०११ मध्ये मान्य केला, पण कलम ४५ सारखा बचाव आपल्या कायद्यात नाही. धमकीखाली केलेल्या कृत्याला माफी देणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ३२ तत्काळ मृत्यूची भीती मागतं. काढून घेतलेला पासपोर्ट, फुगवलेलं कर्ज, गावाकडच्या बहिणीला उचलण्याची धमकी त्यात बसत नाही. म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटून आलेल्या एखाद्या भारतीय तरुणावर इथे गुन्हा लागला, तर तिथे मार खाऊन टाईप केलेल्या मेसेजबद्दल त्याच्या वकिलाला याच कलमाशी झगडावं लागेल.