पसरणी घाट, टॉप गिअर आणि सहा रामबाण उपाय

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. ‘जुनी एअर-कूल्ड फोक्सवॅगन व्हॅन घाटात दम टाकते? हे सहा उपाय करा आणि पसरणी टॉप गिअरला चढा!’ पसरणी म्हणजे वाईहून पाचगणीला चढणारा घाट. साताऱ्यात असली गाडी बाळगणारे बोटावर मोजण्याइतके, त्यामुळे चौघांनाही माझीच आठवण झाली. सहापैकी एक उपाय निम्मा खरा आहे. बाकीचे इंजिनाच्या तरी मुळावर येतील, नाहीतर खिशाच्या.

‘वरचा गिअर ठेवा. फेरे कमी, म्हणजे इंजिन थंड.’ सगळ्यात घातक सल्ला हाच, म्हणून आधी हा. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला पंखा आहे आणि तो क्रँकच्या पुलीवरून आलेल्या पट्ट्यावर फिरतो. इंजिनाचे फेरे उतरले की पंखाही मंदावतो. चढावर फोर्थला गाडी रेटताना पाय एक्सलेटरवर पूर्ण असतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं भरगच्च मिश्रण जळत असतं आणि वारा मात्र तोकडा. सगळ्यात आधी भाजतो तो तिसरा सिलिंडर, कारण जुन्या इंजिनांत ऑइल कूलर नेमका त्याच्या हवेच्या वाटेत उभा होता. १९७१ च्या सुमारास कंपनीने तो बाजूला सरकवला, तो उगाच नाही.

आता जरा हिशेब करू. माणसं-सामान धरून गाडी १,८०० किलोची. शंभर मीटरला सहा मीटर चढ. ताशी ४० किलोमीटरने हे वजन नुसतं वर उचलायलाच सुमारे १६ अश्वशक्ती लागते. ६० ने जायचं तर २४. टायरचं घर्षण आणि त्या सपाट तोंडावर आदळणारा वारा धरला तर ६० ला ३५ च्या घरात जातं. १,५८४ सीसीचं ड्युअल पोर्ट (प्रत्येक हेडला मिश्रण आत घ्यायच्या दोन वाटा असलेलं) इंजिन ५० देतं, पण समुद्रसपाटीला आणि मिनिटाला ४,००० फेऱ्यांना. पाचगणीच्या तेराशे मीटरवर त्यातले सहा-सात विरळ हवेतच जातात. ६० च्या वेगाला फोर्थमध्ये इंजिन २,३०० च्या आसपास फिरतं, तिथे ३५ कुठून आणणार? थर्डला तेच ३,४०० च्या आसपास जातं. ताकदही मिळते, वाराही. नाही जमलं तर सेकंड टाकावा आणि चाळिशीने जावं. मागून एसटी हॉर्न देईल, देऊ दे. १९६७ पर्यंतच्या व्हॅनला तर मागच्या चाकांपाशी वेग कमी करून जोर वाढवणारे वेगळे रिडक्शन गिअर दिलेले होते. इंजिनाची ताकद तुटपुंजी आहे हे बनवणाऱ्यांना आपल्याआधी ठाऊक होतं.

‘इंजिनाचं मागचं झाकण फळी लावून उघडं ठेवा.’ इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या वरची थंड हवा आणि खालची सायलेन्सरची गरम हवा वेगळी ठेवतात. झाकण उघडलं की खालची गरम हवा आणि घाटातली धूळ पंखा परत आत ओढतो. झाकण नीट लावा आणि फाटलेल्या पट्ट्या बदला.

‘टायमिंग पुढे घ्या, पिकअप वाढतो.’ टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ; ती आधी आणली की पिकअप वाढल्यासारखा वाटतो, सपाटीला. पण चढावर, गरम इंजिनात, एकूण ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) ३० अंशांच्या फार पुढे गेला तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप धडाक्याने पेटणं, सुरू होतं. इंजिन मागे, त्यात पंख्याचा आवाज. ती खडखड तुम्हाला ऐकूच येत नाही. कळतं ते पिस्टनला भोक पडल्यावर.

‘घाटात हवा विरळ, म्हणून मोठा जेट टाका.’ जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक. हे तर साफ उलटं. हवा विरळ झाली की त्याच जेटमधून पेट्रोल प्रमाणाबाहेर जास्त जातं. उंचीवर जेट लहान लागतो. मोठा जेट लागू शकतो तो वेगळ्याच कारणाने: आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) पडतं आणि इंजिन तापतं. म्हणजे साताऱ्यात पातळ चालणारी गाडी महाबळेश्वरात आपोआप थोडी ताळ्यावर येते. प्लग काढून रंग बघा, मग जेटला हात लावा. आणि हो, त्याच इथेनॉलने जुने रबरी पाइप गळतात. इंजिनाजवळचा पेट्रोलचा पाइप तडकलेला दिसला तर घाट राहू दे, आधी तो बदला. या गाड्या जळतात त्या बहुतेक त्याच पाइपापायी.

‘महागडं पेट्रोल भरा.’ ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सोसण्याची ताकद. त्याने चढण्याची ताकद वाढत नाही. साडेसातला एक इतकंच कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचं प्रमाण) असलेल्या इंजिनाला त्याचा उपयोग शून्य.

राहिला निम्मा खरा उपाय: ‘मोठे पिस्टन टाका.’ चढाला टॉर्क लागतो आणि टॉर्क सीसीतून येतो, हे बरोबर. पण केसला (इंजिनाच्या मुख्य कवचाला) न कोरता बसणारे ८७ मिलिमीटरचे सेट १,६४१ सीसी देतात, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के वाढ, आणि सिलिंडरची भिंत पातळ होते ती वेगळीच. ९०.५ चे टाकले तर १,७७६ सीसी, बारा टक्के. तो फरक पायाला जाणवतो. पण त्याला इंजिन पूर्ण उघडून केस आणि हेड लेथवर न्यावे लागतात.

त्याआधी टॅपेटची (व्हॉल्व्हपाशी ठेवायची) फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरला लावा, कॉम्प्रेशन मोजा. आणि एकाला पेडल पूर्ण दाबायला बसवून दुसऱ्याने मागे कार्बोरेटरचा थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) पूर्ण उघडतो का बघा. पुढून मागे जाणारी ती केबल लांबलचक असते. माझी गाडी यवतेश्वरच्या चढाला रडायची म्हणून एका गॅरेजवाल्याने मला नवा कार्बोरेटर घ्यायला लावला. गाडी तशीच रडत राहिली. थ्रॉटल पाऊणच उघडत होता, आणि केबल ढिली म्हणावी तर तीही ढिली नव्हती. पेडलखाली मी स्वतः हौसेने टाकलेली जाड काथ्याची पायपुसणी होती.