पेशीपटलाला द्रवस्फटिक म्हटलं ते उगाच नव्हे

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पेशीपटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, संबंध टीव्हीच्या पडद्यातल्या द्रवस्फटिकाशी लावणं ओढूनताणून आहे, पेशी चालते ती प्रथिनांवर, आणि पटल वाकवायला किती ऊर्जा लागते हे सांगणाऱ्या हेल्फ्रिख यांच्या वक्रतेच्या समीकरणातून जीवशास्त्राच्या हाती काही लागत नाही, असं तुमचं म्हणणं. शिवाय रक्तातल्या तांबड्या पेशीबद्दलचं माझं विधान चुकीचं आहे, हेही. यातलं शेवटचं मान्य. बाकीच्यावर मात्र भांडणार आहे.

पेशीपटल खरोखरच द्रवस्फटिक आहे. जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीच्या दुहेरी थरात लिपिडचे (स्निग्ध पदार्थाचे) रेणू खांद्याला खांदा लावून उभे असतात, ही झाली स्फटिकाची शिस्त. पण थरातल्या थरात ते मोकळेपणी सरकत राहतात, हा द्रवाचा गुण. वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी मार्टिन शाट यांच्यासोबत १९७० च्या सुमारास द्रवस्फटिकी पडद्याचं तंत्र शोधलं आणि १९७३ मध्ये पटलांचा सिद्धांत मांडला. त्यासाठी त्यांना विषय बदलावा लागला नाही. थर वाकला की त्यात उभे असलेले रेणू पंख्यासारखे फाकतात, आणि द्रवस्फटिकातल्या अशा फाकण्याला किती ऊर्जा लागते याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १९५८ मध्येच मांडून ठेवलं होतं.

आता हाती काय लागतं ते बघा. पेशी आपल्याच पटलाची इवली पुडी बांधून बाहेरचा माल आत घेते. सपाट थराची अशी गोल पुडी करायला किती ऊर्जा लागेल, हे त्या समीकरणातून काढलं तर उत्तरात त्रिज्याच येत नाही! (मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा गणित पुन्हा करून पाहिलं होतं.) पुडी लहान असेल तर थर जास्त वाकतो, पण क्षेत्रफळ नेमकं त्याच हिशेबात घटतं. उरतं ते ८π गुणिले थराची ताठरता. ही ताठरता रेणूंच्या औष्णिक ऊर्जेच्या साधारण २० पट असते, म्हणजे एका पुडीचा खर्च ५०० पटीच्या घरात जातो. मी इथे थर मुळात सपाट राहू पाहणारा धरलाय आणि समीकरणातलं वक्रतेचं दुसरं पद (गाऊस-वक्रतेचं) सोडून दिलंय, त्यामुळे आकडा ढोबळच; पण रेणूंच्या नुसत्या हिंदकळण्यातून पुडी बांधली जाणार नाही, एवढं त्यावरून कळतं. म्हणून क्लॅथ्रिन नावाचं प्रथिन पटलावर जाळी विणतं, डायनामिन हे दुसरं प्रथिन जीटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून पुडीची मान तोडतं. प्रथिनं तुमचीच, त्यांना बिल किती भरावं लागतं ते हे समीकरण सांगतं.

राहता राहिली तांबडी पेशी. तिचा दोन्ही बाजूंनी खोलगट आकार वाकण्याची ऊर्जा कमीत कमी ठेवण्यातून मिळतो, हे कॅनहॅम यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं. पण मी त्यावरून 'तिचं सगळं वागणं यातूनच उलगडतं' असं ठोकून दिलं. केशवाहिनीतून पिळून निघालेली पेशी पुन्हा मूळ रूपात येते, त्यात पटलाला आतून बिलगलेल्या स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या जाळीचा मोठा वाटा आहे, आणि ती जाळी हेल्फ्रिख यांच्या समीकरणात नाही. लेखातलं ते वाक्य आज बदललं.