मॉरिस मायनरच्या टायरबद्दल आलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही लिहिलीत: एवढे पैसे घेऊन ‘जुन्या जमान्याचे अरुंद टायर’ बसवले, सकाळी गाडी धडधडते, सिमेंटच्या रस्त्यावर सरळ चालत नाही, पंपावर ३२ हवा भरूनही फरक पडला नाही, रेडियल निम्म्यात झाले असते, आणि गॅरेजवाला ‘आठवणींत रमलेला माणूस’ आहे.

गाडी आणलीत तेव्हा तुमचं एकच म्हणणं होतं: आजोबा चालवायचे तशी करून द्या. जॉबकार्डवर तेच लिहिलं आहे. १९५० ची मॉरिस मायनर, ९१८ सीसी, पुढचे दिवे अजून जाळीतच असलेली. ‘तशी’ म्हणजे फक्त रंग आणि क्रोम, असं मी धरत नाही. अॅलेक इसिगोनिसने ही गाडी आखली तेव्हा लहान ब्रिटिश गाड्या उंच चाकांवर उभ्या असायच्या. त्याने १४ इंची चाकं घेतली आणि चार कोपऱ्यांत नेली. आत जागा झाली, गाडी जमिनीलगत आली. १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, पण त्याआधी अगदी शेवटी त्याला ती अरुंद वाटली म्हणून नमुना मधोमध कापून ४ इंचांनी रुंद केला. तुमच्या बॉनेटच्या मधून जाणारा पट्टा ही त्याचीच खूण. एवढं प्रमाण साधलेल्या गाडीखाली रुंद टायर घातले की मडगार्ड भरून जातं आणि तिचा तोल डोळ्यांनाच खटकतो. म्हणून ५.००-१४ मापाचे टायर बाहेरून मागवले. खर्च त्याचा आहे, आणि मागवण्याआधी तुम्हाला सांगितला होता.

धडधडीचं कारण टायरमधले नायलॉनचे धागे. गाडी रात्रभर उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित चपटा होतो; थोडं चालून टायर गरम झाला की पुन्हा गोल. जुन्या अॅम्बेसेडरवाल्यांना हे पाठ असायचं.

आता हवा. ३२ हा आकडा आजच्या गाड्यांचा. या टायरला २२ च्या आसपास पुरते. जास्त भरली की टायरचा फक्त मधला भाग टेकतो, टायर कडक होतो आणि रस्त्याच्या प्रत्येक खाचेमागे जातो. तुमची गाडी सरळ चालत नाही याचं मोठं कारण मला इथेच दिसतं. थोडी चुळबुळ तरीही राहील. नायलॉन टायरचे थर तिरके, एकमेकांवर फुली मारल्यासारखे असतात, त्यामुळे टायरची बाजू वाकली की रस्त्याला टेकणारा भागही हलतो. रेडियलमध्ये धागे आडवे सरळ आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आत वेगळा पट्टा, म्हणून तो शांत चालतो. मिशेलिनने त्याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, पण मायनर आखली गेली ती तिरक्या थरांच्या टायरवर. तिची रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक) स्टिअरिंग इतकी हलकी आणि बोलकी आहे, त्यात या अरुंद टायरचा मोठा वाटा आहे. वळणावर पकड सुटायच्या आधी टायर सांगतो, एकदम दगा देत नाही.

तरीही पावसात आणि घाटात रेडियल सरस आहे, हे मी कुणालाही सांगेन. तुम्ही लोणावळ्याला नियमित जाणार असाल तर १४५ मिलिमीटर रुंदीचे रेडियल ट्यूबसकट बसवून देतो. तेवढे मडगार्डखाली शोभतात. मात्र स्टेपनी धरून पाचही बदलायचे. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन अशी मिसळ मी करणार नाही, कारण मागची बाजू आधी सुटते आणि गाडी फिरते. काढलेले टायर विकू नका, उन्हापासून दूर ठेवा.

आणि हो, मी आठवणींत रमतो. कारखान्यातून निघाली तशी मायनर रस्त्यावर चालताना पाहणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. तुमच्या मुलांनी ती एकदा तरी तशी चालवून पाहावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

हवा आणि चाकांचं अलाइनमेंट मी तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. मंगळवार सोडून कधीही या, फक्त गाडी गॅरेजमध्ये आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. हवा टायर गार असतानाच मोजावी लागते.