‘सरकारने फक्त बाजूला व्हावं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला सांगलीतून उत्तर

ऊस आणि द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: तंत्रज्ञान माणसं शोधतात, बाजार ते घरोघर पोचवतो, सरकार तेवढं आडवं येतं. ते बाजूला झालं की सांगली जिल्हा कुठल्या कुठे जाईल. पुरावे चार आहेत, किर्लोस्करवाडी, ड्रोन, द्राक्षं आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल. सगळे इथल्या ओळखीचे, म्हणून वाचताना मान हलते.

“लोखंडी नांगर काढायला किर्लोस्करांनी कुणाची परवानगी घेतली?” कुणाचीच नाही. पण बेळगावात नगरपालिकेला जागा हवी झाली म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, वर कर्जही दिलं. तीच किर्लोस्करवाडी. एका सत्तेने उठवलं, दुसरीने बसवलं. निम्मीच गोष्ट सांगितली तर काहीही सिद्ध होतं.

“ड्रोन नियम सैल केल्यावरच उडाले.” हे बरंचसं मान्य. मार्च २०२१ चे नियम म्हणजे कागदांचा ढिगारा होता. त्याच ऑगस्टमध्ये नवे नियम आले, पंचवीस फॉर्मचे पाच झाले आणि बहात्तर प्रकारच्या शुल्कांचे चार. पण सप्टेंबर २०२१ मध्ये देशी उत्पादकांना १२० कोटींची प्रोत्साहन योजना सरकारनेच दिली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनची आयात बंद केली, आणि पुढे बचत गटांना फवारणीच्या ड्रोनवर ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख, अनुदान ठेवलं. याला मोकळा बाजार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

“युरोपच्या नियमांनी द्राक्षवाला मारला.” इथे पोस्ट सगळ्यात जास्त चुकते. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले. हे आपलं नेहमीचं सीसीसी, वेलीची वाढ आवरून घड धरायला मारतात ते. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडकला, निर्यातदार बुडाले, बागायतदारांचे पैसे राहिले. तासगाव, मिरज भागात ते वर्ष अजून निघतं. पण घात कुठे झाला? निघण्याआधी आपल्याकडे माल तपासत होते, त्या तपासणीच्या यादीत हे औषधच नव्हतं. तिकडे नियम होता, इकडे नव्हता, आणि त्या फटीत आपण पडलो. त्यानंतर ते यादीत आलं.

मुळात युरोपचा बाजार टिकला तोच नियमांच्या जोरावर. अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २००६ च्या सुमारास ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली. बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, प्रयोगशाळेत अंश तपासणी, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट प्लॉटपर्यंत माग. परदेशातल्या खरेदीदाराला इथला बागायतदार कोण हे माहीत नसतं, तो त्या क्रमांकावर विश्वास ठेवतो. प्रयोगशाळा, अंश लवकर विरणारी औषधं, फवारणीची वही, हे सगळं या सक्तीच्या पोटी आलं. खर्च वाढला हे खरं. लहान बागायतदाराला तो जड जातो हेही खरं, पण त्यावर पोस्टमध्ये एक ओळ नाही.

“इथेनॉल हा कारखान्यांच्या हुशारीचा विजय, सरकारने फक्त खोडा घातला.” खोडा घातला, नाकारत नाही. ७ डिसेंबर २०२३ ला, गळीत ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. पाऊस कमी, साखर कमी पडेल ही धास्ती. आठवड्यात ती थोडी सैल करून इथेनॉलकडे फार तर १७ लाख टन साखर वळवायची अशी मर्यादा घातली, आणि पूर्ण मोकळीक ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली. तोवर कर्ज काढून डिस्टिलरी, म्हणजे इथेनॉल गाळायचा प्रकल्प, वाढवलेल्या कारखान्यांचं व्याज काही थांबलं नव्हतं.

पण हा बाजार उभा कुणी केला? २००३ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायची सक्ती आली, तरी २०१३-१४ पर्यंत प्रत्यक्ष मिश्रण दोन टक्क्यांच्याही आत होतं. तंत्र होतं, मळी होती, गिऱ्हाईकही होतं, भावाची खात्री नव्हती. ती सरकारने दर ठरवून दिली. २०१८ मध्ये बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर मुद्दाम राहू देतात) आणि रस यांना वेगळे दर मिळाले, डिस्टिलरीच्या कर्जाला व्याज सवलत मिळाली, आणि मग आकडा चढला. विकत घेणाऱ्या मुख्यतः सरकारी तेल कंपन्या, दर मंत्रिमंडळाचा, मिश्रण सक्तीचं. यातून सरकार काढून टाकलं तर टँकर कुणाच्या दारात उभे करणार?

कारखानदारांनी आणि ऊसवाल्यांनी भांडायचंच असेल तर सरकारशी याच्यावर भांडावं: इथेनॉलचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं, त्याच्या आत रसाचा आणि मळीचा कोटा जाहीर करा, आणि मधेच फिरवलात तर त्या काळाचं डिस्टिलरीच्या कर्जाचं व्याज तुम्ही भरा.